वरून उतरणारे आकडे

१

फिटर पडला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, आणि साडेअकरापर्यंत डिझाइन ऑफिसातल्या सगळ्यांनी हात वर केले होते. अर्ध्या तासात एवढं एकमत त्या ऑफिसात त्याआधी कधी झालं नसेल.

घडलं ते असं. एका कारखान्यात मशिनच्या वर लोखंडी माळा केला होता, जड मोटारी ठेवायला. माळ्याचे पत्रे वेल्ड केलेले नव्हते. हवे तेव्हा काढता यावेत म्हणून त्यांच्या कडा पकडींत बसवल्या होत्या. गुरुवारी पहिली मोटार वर चढवली. फिटर तिचे बोल्ट आवळायला गुडघे टेकून बसला. पत्र्याला मधे झोळ आला, कड पकडीतून सुटली आणि पत्रा, मोटार, फिटर सगळं एकदम खाली आलं. फिटर जागीच गेला. मागे बायको आणि दोन मुली.

माळ्याचं गणित ज्या ऑफिसने केलं होतं, तिथे मला चौकशीला पाठवलं. पस्तीस वर्षं मी असली गणितं केली, आता दुसऱ्यांची तपासते. सुरुवातीला अशा ठिकाणी गेले की मला माणसांची कीव यायची. पुढे ती सवय सुटली.

ऑफिसच्या मालकाने पाण्याचा ग्लास आणि रिपोर्ट एकदमच माझ्यापुढे सरकवला.

"बाई, उघड केस आहे. आमच्या ऑफिसातल्या मुलीने गणित चुकवलं. नाव बघा खाली."

रिपोर्टात लिहिलं होतं: पत्र्याची जाडी आठ मिलिमीटर. मोटारीखाली झोळ बारा पूर्णांक सहा मिलिमीटर. पंधरापर्यंत चालतो. सुरक्षित. खाली गणित करणारीचं नाव. ऑफिसात तिला सगळे जाळीवाली म्हणत. का, ते पुढे सांगते.

"तुम्ही हा वाचला होता?" मी मालकाला विचारलं.

"मी वाचून काय कळणार? मी सही केली."

हे वाक्य तो अभिमानाने बोलला. पोलिसांत तिचं नाव देऊन झालं होतं. माझा अहवाल सोमवारी जायचा होता. त्यात तिची चूक निघाली, तर माणूस मारल्याचा गुन्हा तिच्यावर लागणार होता.

ती कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली होती. तिशीची असेल. मी जवळ गेल्यावर उठली नाही, नमस्कारही केला नाही. म्हणाली, "हा आकडा माझा नाही. माझा साडेचोवीस होता. मी लिहून दिलं होतं, पत्रा बसवू नका म्हणून."

"मूळ फाइल दाखव."

"तीच तर नाहीये. शुक्रवारी सकाळी बघितलं तर कोणीतरी पुसलीय."

२

ज्यांना हे गणित माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माहीत असल्याचा टेंभा मिरवणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही.

भार ठेवल्यावर अख्खा पत्रा कुठे किती वाकेल, याचं थेट उत्तर बहुतेक वेळा काढता येत नाही. म्हणून त्याचे कागदावर चौकोनी तुकडे पाडायचे. एका तुकड्याला म्हणायचं एलिमेंट. सगळे तुकडे मिळून जी वीण होते ती जाळी. प्रत्येक तुकड्याचं वाकणं सोप्या सूत्रात बसवायचं, तुकडे एकमेकांना जोडायचे आणि हजारो समीकरणं कॉम्प्युटरकडून सोडवून घ्यायची. येतं ते उत्तर अंदाजाचं. अंदाज कितपत बरा, हे बघायला जाळी आणखी बारीक करून तेच गणित पुन्हा मांडायचं. आकडा हलायचा थांबला की त्याच्यावर विश्वास ठेवायचा. निम्मे इंजिनिअर जाळी एकदाच टाकतात, रंगीत चित्र छापतात आणि चहाला जातात.

जाळीवाली त्यातली नव्हती.

"तीन जाळ्या टाकते. नेहमी तीन," ती म्हणाली. "पहिलीला साडेवीस आलं, दुसरीला साडेतेवीस, तिसरीला सव्वाचोवीस. म्हणजे साडेचोवीसवर थांबणार."

बरोबर होतं. जाळीची घरं निम्मी केली की उरलेली चूक साधारण चौथाई होते, हा या गणिताचा गुण. तिचा आकडा आधी तीनने हलला, मग पाऊणने. आता जेमतेम पावच उरला होता. हे तिने मनातल्या मनात केलं नव्हतं, तिला ते पाठ होतं. आपण पाठ करतो ते फोन नंबर आणि शत्रूंची नावं. ही पोरगी झोळ पाठ करायची.

"ड्रॉइंगमध्ये तर पत्रा दहाचा आहे," मी म्हणाले.

"खरेदीला दहाचा मिळाला नाही, आठचा आणला. मी यार्डात जाऊन व्हर्नियरने मोजला. म्हणून तर सगळं पुन्हा केलं. सोमवारी फाइल टाकली, छापील कागद तपासणीला दिला."

"बॅकअप?"

"ते मशीन वर्षभर बंद आहे. त्याचा प्लग काढून तिथे किटली लावलीय."

मी किटली बघितली. चालू होती.

मग मी तिच्यापुढे रिपोर्टातला तक्ता ठेवला. तिच्याच पद्धतीने तीन जाळ्या, तीन आकडे: चौदा पूर्णांक एक, बारा पूर्णांक नऊ, बारा पूर्णांक सहा.

ती बघतच राहिली. "बाई, हे उलटे चाललेत. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये असं होतच नाही."

खरंच होत नाही. तुकडा मोठा असला की त्याला मनासारखं वाकता येत नाही, आपण दिलेल्या सोप्या सूत्रातच वाकावं लागतं. त्यामुळे कागदावरचा पत्रा खऱ्यापेक्षा ताठ निघतो आणि झोळ कमी दिसतो. जाळी बारीक केली की पत्रा सैलावतो, झोळ वाढत वाढत खऱ्या आकड्याकडे जातो. खालून वर. इथे आकडे वरून खाली उतरत होते.

म्हणजे हे आकडे ऑफिसच्या सॉफ्टवेअरचे नव्हतेच. कोणीतरी ते दुसरीकडून आणून तिच्या नावावर चिकटवले होते.

३

मला वाटलं, हे मनाने लिहिलेले आकडे आहेत. ज्याला या गणितातलं ओ की ठो कळत नाही अशा माणसाने, साधारण खरे वाटावेत म्हणून लिहिलेले. अशा माणसांची त्या ऑफिसात टंचाई नव्हती. पण आठचा पत्रा पास व्हावा अशी सगळ्यांत जास्त गरज एकालाच होती. तो खरेदी बघायचा. मालकाचा मेहुणा होता, आणि ऑफिसातली त्याची पात्रता तेवढीच.

मेहुणा खुर्चीत असा बसला होता की खुर्चीचीच दया यावी.

"दहाचा पत्रा बाजारातच नव्हता, बाई. आठचा आणला. दाजींना सांगून आणला. दोन मिलिमीटरने काय आभाळ कोसळतं?"

"कोसळलं ना."

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "जाळी बारीक केली तर झोळ वाढतो की कमी होतो?"

"कमीच होणार की," तो लगेच म्हणाला. "बारीक वीण म्हणजे घट्ट वीण. मोठ्या विणीच्या खाटेत माणूस जास्त खाली जातो. त्याला काय शिकायला लागतं?"

एवढ्या आत्मविश्वासाने एवढं चूक बोलणारा माणूस मला बऱ्याच दिवसांनी भेटला. आणि त्या तक्त्यातले आकडे नेमके याच अकलेने उतरत होते.

"फाइल कोणाकोणाला पुसता येते?"

"सगळ्यांना. पासवर्ड त्या भिंतीवरच चिकटवलाय."

"बुधवारी पत्रे साइटवर कोणी पाठवले?"

"मीच. मंजूर रिपोर्ट हातात आला, पाठवले. त्यात काय चुकलं?"

बाहेर येऊन मी मालकाला सांगितलं, मेहुण्याला घरी जाऊ देऊ नका. मालकाचा चेहरा पांढरा पडला. बायकोला काय तोंड दाखवायचं, असं काहीतरी तो पुटपुटला. फिटरच्या बायकोला काय तोंड दाखवायचं, हे त्याला सुचलं नव्हतं.

४

तपासणाऱ्याला भेटायचं राहिलं होतं. त्याला ऑफिसात डॉक्टर म्हणत. औषधाचा नव्हे, प्रबंधाचा. रिपोर्टावर "तपासलं" या शब्दापुढे त्याची सही होती, इतकी डौलदार की तिच्याखाली काय लिहिलंय ते बघायचं कोणाला सुचू नये.

त्याची खोली वेगळी, गालिचा वेगळा. एका भिंतीला कपाट, कपाटात कातडी बांधणीचे जाडजूड खंड.

"हे माझ्या प्रोग्रामचे निकाल," तो म्हणाला. "प्रबंधासाठी मी स्वतः लिहिला. एलिमेंटसुद्धा माझा. तेव्हापासून एकही निकाल टाकून दिलेला नाही. ते विकतचं सॉफ्टवेअर या खोलीत येत नाही. पोरांना बटणं दाबायची सवय लागते."

"मुलीचं गणित तुम्ही तपासलंत?"

"मी सगळ्यांचं तपासतो. या ऑफिसात मी नसतो तर काय दिवे लागले असते, ते तुम्ही बघितलंच आहे."

"पत्रा बघायला यार्डात गेला होतात?"

त्याने आधी माझ्याकडे आणि मग स्वतःच्या बुटांकडे बघितलं. "यार्डात? मी ड्रॉइंग बघतो, बाई. इंजिनिअर ड्रॉइंग बघतो. चिखलात उतरतात ते मुकादम."

मेहुण्याला विचारलेला प्रश्न मी त्यालाही विचारला. जाळी बारीक केली तर झोळ वाढतो की कमी होतो?

तो हसला. असं हसू मी परीक्षकांच्या तोंडावर बघितलंय. "प्रश्नच अर्धवट आहे. आधी एलिमेंट कोणता ते सांगा."

त्याची मिजास मला सहन होत नव्हती. पण उत्तर बरोबर होतं, आणि नावडत्या माणसाचं बरोबर उत्तर फार वेळ डोक्यात राहतं. मी बाहेर आले, जाळीवालीच्या शेजारची खुर्ची ओढली आणि तो तक्ता पुन्हा पुढ्यात घेतला.

५

चौदा पूर्णांक एक. बारा पूर्णांक नऊ. बारा पूर्णांक सहा.

पहिला फरक एक पूर्णांक दोन, दुसरा शून्य पूर्णांक तीन. चौथाई! मघाशी मी आकडे कुठल्या दिशेने जातात तेवढंच बघितलं होतं, पावलं मोजली नव्हती. स्वतःचीच मला लाज वाटली.

मेहुण्याने मनाने आकडे लिहिले असते तर चौदा, तेरा, बारा असे काहीतरी लिहिले असते. चूक चौथाई होत जाते, हे त्याला सात जन्मांत ठाऊक नव्हतं. हे आकडे मनाचे नव्हते. कुठल्यातरी खऱ्या प्रोग्राममधून आले होते, आणि त्या प्रोग्राममध्ये आकडा वरून खाली उतरत होता. असे जुने एलिमेंट असतात. त्यांच्या तुकड्यांच्या कडा वाकल्यावर एकमेकींशी नीट जुळत नाहीत. सांधे ढिले राहतात, पत्रा खऱ्यापेक्षा सैल निघतो आणि जाळी बारीक केली की तो आवळत खऱ्यावर येतो.

"हे पुढे कुठे थांबतील?" मी जाळीवालीला विचारलं.

"साडेबारावर." मग ती एकदम ताठ बसली. "बाई, माझे साडेचोवीस. हे जवळजवळ निम्मे आहेत."

"पत्र्याचा ताठरपणा कसा वाढतो?"

"जाडीच्या घनाने. आठाचा घन पाचशे बारा, दहाचा हजार..." तिने वाक्य पुरं केलं नाही. गरजही नव्हती. साडेबारा हे खरं उत्तर होतं, पण दहाच्या पत्र्याचं. ज्याने काढलं त्याने जाडी ड्रॉइंगमधून उचलली होती.

शनिवारी दुपारी मी सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बसवलं. मालक, मेहुणा, डॉक्टर, जाळीवाली. तक्ता मधे ठेवला. डॉक्टरकडे मी मुद्दाम बघितलं नाही.

"हे आकडे बनावट आहेत," मी म्हणाले. "कोणा अडाण्याने बसल्या बसल्या लिहिलेत. आकडे खाली उतरतात, एवढंसुद्धा त्या गाढवाला खटकलं नाही. शाळकरी पोराने बरे लिहिले असते."

मेहुणा रडकुंडीला आला. "मी नाही हो लिहिले!"

"तुम्ही नाही तर कोण? इतका ढ दुसरा आहे कोण इथे?"

मी थांबले. डॉक्टरच्या कानाच्या पाळ्या लाल होत होत्या. अब्रू वाचवायची तर त्याने फक्त गप्प बसायचं होतं. पाच मिनिटं. एखाद्या साध्या चोरालाही जमलं असतं.

"फरक बघा," तो म्हणाला. आवाज आवळलेला. "एक पूर्णांक दोन, मग शून्य पूर्णांक तीन. बरोब्बर चौथाई. असे आकडे मनाने लिहिता येत नाहीत. यापेक्षा शुद्ध तक्ता तुम्ही आयुष्यात बघितला नसेल!"

"शुद्ध आहे," मी म्हणाले. "दहाच्या पत्र्यासाठी. कुठला खंड, डॉक्टर?"

सगळ्यांत आधी जाळीवाली उठली. तिने डॉक्टरच्या खोलीतून शेवटचा खंड आणला आणि शेवटची पानं उघडली. तारीख मंगळवारची. चौदा पूर्णांक एक, बारा पूर्णांक नऊ, बारा पूर्णांक सहा. सगळ्यांत वर: जाडी दहा.

मग सगळं बाहेर आलं, हप्त्याहप्त्याने. तिचे साडेचोवीस बघून त्याला वाटलं, पोरीने कुठेतरी दुप्पट केलंय. आठचा पत्रा हे शब्द तिच्या कागदावर पहिल्याच ओळीत होते. पहिली ओळ तो वाचत नाही. त्याने स्वतःचा प्रोग्राम चालवला, तिचा तक्ता काढून आपला घातला, "बसवू नका" खोडलं आणि तिचं नाव तसंच ठेवलं. चुका दुरुस्त करून दिल्या की पोरांवर उपकार होतात, असं त्याचं मत होतं. तिला विचारायला वीस पावलं चालावी लागली असती.

"आणि फाइल?"

"गुरुवारी कळलं पत्रा आठचा होता ते," तो म्हणाला. "माझी इतक्या वर्षांची..."

इतक्या वर्षांची काय, ते मी विचारलं नाही. इथवर ती चूक होती. चूक माझ्याही हातून झालेली आहे. पण शुक्रवारी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन त्याने तिचं काम पुसलं आणि पोलीस तिचं नाव लिहून घेत होते तेव्हा तो शेजारी उभा राहिला. तिची फाइल पुसताना त्याचा हात कचरला नाही. स्वतःच्या खंडातली तीन पानं मात्र त्याला फाडवली नाहीत. भित्रा तर भित्रा, पण आपल्या आकड्यांवर जीव होता.

मालक म्हणाला, "म्हणजे माझा मेहुणा सुटला ना?"

६

सोमवारी सकाळी मी अहवाल वाचून दाखवला. फिटरची बायको आली होती. गिरणीत कामाला होती, अर्धा दिवस रजा टाकून आली होती. तिला ऑफिसने सांगितलं होतं, एका पोरीने गणित चुकवलं म्हणून तुझा नवरा गेला. तीन दिवस ती त्या पोरीला शिव्याशाप देत होती, हे तिने मला स्वतःच सांगितलं.

मी शक्य तेवढं सोपं करून वाचलं. गणित चुकलं नव्हतं. हिने बरोबर उत्तर काढलं होतं, पत्रा बसवू नका असं लिहिलं होतं. दुसऱ्याने ते बदललं आणि मग लपवलं. गुन्हा डॉक्टरवर. सही करणाऱ्या मालकावर ठपका. जाळीवाली निर्दोष.

जाळीवालीने डोळे मिटले. तिच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं, आणि मला आनंद झाला. अशा कामात तो क्वचितच होतो.

फिटरच्या बायकोने विचारलं, "हिला कळलं कधी?"

"मागच्या सोमवारी," मी म्हणाले.

"आणि हे पडले गुरुवारी."

"हो."

तिने मान वळवली. "मग मंगळवार, बुधवार तू कुठे होतीस, बाई?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"टेबलाशी होते, ताई," जाळीवाली म्हणाली. "कागद तपासणीला गेला होता. उत्तर येईल म्हणून थांबले होते."

"आणि?"

"बुधवारी यार्डात पत्रे दिसले नाहीत. मला वाटलं, परत पाठवले असतील."

"वाटलं?"

"हो."

"विचारलं नाहीस कोणाला?"

"नाही. आमच्याकडे कागद दिला की... मला वाटलं, लिहून दिलं म्हणजे सांगितलं."

"साइटचा फोन नंबर होता तुझ्याकडे?"

"होता."

माझी जीभ एरवी कोणासाठी अडत नाही. या पोरीच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ होतं: ऑफिसची पद्धत, तिची पायरी, डॉक्टरचा दरारा. सगळं खरं होतं, आणि त्यातलं एकही वाक्य मला त्या बाईच्या तोंडावर म्हणता आलं नाही.

जाळीवालीने माझ्या हातातल्या अहवालाकडे बघितलं. "बाई, हे त्यात नाहीये."

"ते माझ्या चौकशीत नव्हतं. तुला कायद्याने काही होणार नाही."

"लिहा."

मी शेवटचं पान काढलं, निर्दोष या शब्दाखाली जागा होती तिथे पेन टेकवलं आणि ती सांगत गेली तसं लिहीत गेले. मंगळवारी फोन केला नाही. बुधवारी फोन केला नाही.